गवत फुलोऱ्यात कापा, यंत्र जुने चालेल

दुष्काळाचे वर्ष आले की महाराष्ट्रात चारा छावण्या उघडतात. २०१२-१३ मध्ये उघडल्या, २०१८-१९ मध्ये पुन्हा उघडल्या. बीड, नगर, उस्मानाबाद, सातारा, सांगली इथली जनावरे महिनोन्‌महिने दावणीऐवजी छावणीत बांधली गेली आणि त्यांच्यापुढे बहुतेक वेळा उसाचे वाढे पडले. वाढ्यांतल्या ऑक्झलेटमुळे जनावरांच्या अंगातले कॅल्शियम कमी होते, हे पशुवैद्य वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पण उपाशी जनावरापुढे निवड कुठली? याच राज्यात सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, माळरानांवर आणि बांधाबांधांवर दरवर्षी पावसाळ्यात भरघोस गवत उगवते. ते दसरा-दिवाळी उलटेपर्यंत उभे राहते, पिवळे पडते, मग कुठे विळा लागतो. जे राहते ते फाल्गुनातल्या वणव्यात जाते. आपल्याकडे चारा कमी आहे ही तक्रार अर्धीच खरी आहे. असलेला चारा आपण त्याचा कस निघून गेल्यावर कापतो, हा तिचा उरलेला अर्धा भाग. तो सुधारण्यासाठी लाखोंच्या नव्या यंत्रांची वाट पाहण्याचे कारण नाही. गावात धूळ खात पडलेला जुना कटर-बार (सरकत्या पात्याचे कापणीयंत्र), एखादा मरगळलेला ट्रॅक्टर आणि धाट चिरडायचे दोन रुळांचे साधे यंत्र एवढ्यावर हे काम होते. अट एकच: कापणी वेळेवर झाली पाहिजे.

आधी कस म्हणजे काय ते पाहू. शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी ही आपल्याकडची नेहमीची गवते. ती पोटरीत येऊन निसवायला लागतात तेव्हा, म्हणजे साधारण उत्तरा-हस्ताच्या सुमारास, त्यांच्या कोरड्या वजनात सहा ते आठ टक्के प्रथिने असतात. बी धरून झडले आणि काडी पिवळी पडली की हे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर येते. पशुआहारशास्त्रात सात टक्क्यांच्या आसपास एक उंबरठा मानतात. चाऱ्यात त्याहून कमी प्रथिने असली तर कोठीपोटातल्या जिवाणूंनाच खुराक कमी पडतो, तंतू पचायला वेळ लागतो आणि पोट भरलेले राहते म्हणून जनावर खातेही कमी. म्हणजे उशिरा कापलेल्या गवतात कस कमी आणि ते पोटात जातेही कमी, असा दुहेरी तोटा होतो. हा तोटा पैशांत मोजता येतो. १०० किलो वाळल्या गवतात ७ टक्क्यांऐवजी साडेतीन टक्के प्रथिने असतील तर साडेतीन किलो प्रथिनांची तूट पडली. सरकी पेंडीत २२ टक्के प्रथिने धरली तर ही तूट भरून काढायला सुमारे १६ किलो पेंड लागते. एका टनाला १६० किलो! पेंडीच्या आजच्या भावाने हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पेंड महाग झाली म्हणून ओरडणाऱ्या गोठेवाल्याने तर जरूर करावा.

कुसळी गवताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या बियांना पीळदार, काळपट कुसळे असतात. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या हालचालीने टोकदार बी जमिनीत शिरते. जमिनीऐवजी मेंढीची कातडी सापडली तर त्यातही शिरते. जनावरांच्या हिरड्यांत आणि जिभेत रुतलेली कुसळे धनगरांना नवी नाहीत. कुसळे धरायच्या आत हेच गवत कापले तर तो उत्तम चारा आहे. महिन्याभराने कापले तर जनावर त्याला तोंड लावताना बिचकते. एकाच माळावरच्या एकाच गवताला फक्त कापणीच्या तारखेने दोन भिन्न किमती मिळतात.

मग शेतकरी लवकर का कापत नाही? त्याला हे कळत नाही असे मानणे हा शहरी उद्धटपणा झाला. त्याच्यापुढे दोन खऱ्या अडचणी असतात. पहिली, पाऊस. हवामान खात्याच्या सुधारित तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे गवत फुलोऱ्यात असते तेव्हा हस्ताच्या सरी डोक्यावर असतात. दुसरी, माणसे. पालघर-ठाणे-रायगडात त्याच दिवसांत हळवी भाते कापणीला येतात. भात टाकून गवताला विळा लावा, असे कोण सांगणार आणि कोण ऐकणार? म्हणून गवत मागे राहते, आणि भात झोडून झाल्यावर, ऊन कडक झाल्यावर, उभ्या जागीच वाळलेले गवत कापले जाते. असे गवत वाळवावे लागत नाही, हीच त्याची सोय. भारे बांधा, वखारीत टाका, गासड्या करा, ट्रक भरा. मुंबईच्या तबेल्यांना आणि वखारवाल्यांना ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की पिवळे गवत हेच गवत, अशी समजूत झाली आहे.

थोडक्यात, पेच वाळवण्याचा आहे. निसवलेल्या गवतात ७० ते ७५ टक्के पाणी असते आणि गंजीत रचायचे तर ते १५ टक्क्यांच्या आसपास यायला हवे. १०० किलो हिरव्या गवतातून सुमारे ६५ ते ७० किलो पाणी उडवायचे, तेही दोन-तीन दिवसांच्या उघडिपीत. २० टक्क्यांहून जास्त ओल ठेवून गंजी रचली तर आत बुरशी धरते, गंजी तापते आणि क्वचित स्वतःहून पेटतेही. पाणी सगळ्या भागांतून सारखे जात नाही, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. कापल्यानंतरचा पहिला ओलावा पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून भराभर निघतो. तास-दोन तासांत ही रंध्रे मिटतात. त्यानंतर पातळ पाने पुढेही लवकर वाळतात, पण धाटातले पाणी मेणचट सालीआड अडकते. पाने कुरकुरीत झालेली आणि धाट मात्र पेरांपाशी अजून ओले, अशी अवस्था येते. धाट वाळेपर्यंत थांबावे तर दाताळे लावताच पाने चुरा होऊन जमिनीवर पडतात, आणि कस तर मुख्यतः पानांतच असतो. जाड, दाट, कमरेएवढ्या गवतात हा फरक सगळ्यांत जास्त.

धाट नुसते चिरडले तर ही गाठ बरीचशी सुटते. दोन रुळांमधून गवत असे जाऊ द्यायचे की धाटाला चिरा पडाव्यात, साल फाटावी, पण त्याचे तुकडे होऊ नयेत आणि पानांचा लगदा होऊ नये. रसवंतीच्या चरकात उसाचा चोथा होतो. इथे काम चरकाचेच, पण हात फार हलका हवा. रुळांमधले अंतर बरोबर आहे की नाही हे बघायला उपकरण लागत नाही. मूठभर गवत उचलायचे आणि धाटे नखाने तपासायची. दहांतली नऊ धाटे तडकलेली असावीत आणि चेचून काळी पडलेली पाने शंभरात पाचांहून जास्त नसावीत. विस्तार शिक्षणातला हा जुना ठोकताळा आजही तितकाच कामाचा आहे. जिथे गवताची काडी बारीक आहे तिथे रुळांपेक्षा साल खरवडणारे दातेरी यंत्र बरे पडते, हेही सांगायला हवे. पण सुदान, चाऱ्याची ज्वारी किंवा माजलेले जाड डोंगरी गवत यांना रुळच हवेत. हे यंत्र काही अंतराळविद्या नव्हे. दोन खाचेचे रुळ, दाबासाठी दोन स्प्रिंगा, एक साखळी आणि ट्रॅक्टरच्या पीटीओवरून, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावरून, येणारी गती. ऊस-ज्वारीच्या पट्ट्यातल्या ज्या वर्कशॉपांत पेरणीयंत्रे आणि मळणीयंत्रे तयार होतात, तिथे हे न जमण्याचे कारण नाही.

कापणी आणि चिरडणी एकाच यंत्रात हवी, हा आग्रहही फार जुना नाही. अमेरिकेत न्यू हॉलंड कंपनीने ही दोन्ही कामे एकत्र करणारे ‘हेबाइन’ हे जोडयंत्र १९६४ मध्ये आणले. त्याआधी तिथले शेतकरी आधी कटर-बारने कापत आणि मागून वेगळ्या यंत्राने चिरडत. त्यांतले काही अजूनही तसेच करतात. पेनसिल्व्हेनियातल्या, धर्मश्रद्धेमुळे नवी यंत्रे टाळणाऱ्या आमिश शेतकऱ्यांकडे १९३९ च्या सुमारास बाजारात आलेले मॅकॉर्मिक-डीअरिंगचे ‘नंबर ९’ हे घोड्यांनी ओढायचे गवतकापणी यंत्र आजही चालते. त्यांच्या धर्माचा आणि आपला संबंध नसेल, पण ऐंशीएक वर्षांचे यंत्र वापरात राहते याचे कारण श्रद्धा नाही. त्याचे पाते त्रिकोणी तुकड्यांचे असते, एक तुकडा मोडला तर दोन रिव्हेट काढून नवा बसतो, आणि पात्याला पुढे-मागे ढकलणारा दांडा लाकडी असतो. शेतात दगड आला तर दांडा मोडतो आणि यंत्र वाचते.

आपल्याकडे घोड्याचे यंत्र नको. पण कटर-बारचे तत्त्व तेच आहे आणि ते आपल्याकडे आलेलेही आहे. गहू-सोयाबीनसाठी घेतलेले रीपर अनेक गावांत वर्षातले अकरा महिने शेडमध्ये असतात. त्यांचे पातेही याच जातीचे. ते कापलेले गवत एका बाजूला ओळीत टाकतात, त्यामुळे मागून विस्कटावे लागते, एवढाच फरक. कटर-बारला शक्ती फार कमी लागते. मीटरभर रुंदीला दीड-दोन अश्वशक्ती पुरे. फिरत्या तबकड्यांच्या नव्या डिस्क मोअरला त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे सात फुटी बार ओढायला चार अश्वशक्तीच्या आसपास लागते आणि ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर हे काम हसत करतो. आणखी एक फायदा कोणी बोलून दाखवत नाही. जुना बार गवत जिथल्या तिथे, पूर्ण रुंदीत आडवे करतो. नव्या जोडयंत्रांच्या मागच्या झडपा अरुंद लावल्या तर गवताचा जाड ढीग पडतो आणि वरचे वाळते, खालचे शिजते. पहिल्या दिवशी उन्हाला किती गवत उघडे पडले यावर निम्मी लढाई ठरते, आणि तिथे जुने यंत्र मागे नाही.

यावर पहिला आक्षेप चालवणाऱ्यांचा असतो आणि तो रास्त आहे: दाट, लोळलेल्या गवतात कटर-बार तुंबतो. तुंबतो, हे खरे. पण तो का तुंबतो ते पाहिले तर दोष वयाचा नसून निगेचा निघतो. कटर-बार कात्रीसारखा कापतो. वरचे पाते खालच्या लोखंडी बोटांवर टेकून सरकले पाहिजे. मधे फट पडली की गवत कापले न जाता त्या फटीत दुमडते आणि ओढले जाते. पाते दाबून धरणाऱ्या चिमट्या हातोडीने हलकेच ठोकून ही फट मिटवता येते. पाते सरकण्याच्या टोकाला पोहोचते तेव्हा प्रत्येक त्रिकोण बोटाच्या बरोबर मधोमध यावा लागतो. तो अर्धा इंच जरी अलीकडे राहिला तर दर फेरीला थोडे गवत अर्धवट तुटते. बारचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर पुढे ठेवायचे, कारण गवताच्या रेट्याने ते मागे जाते आणि मग सरळ होते. सांधे झिजलेल्या जुन्या यंत्रात हे पुढे असणे आधी जाते, आणि त्याचे खापर पात्यावर फुटते. याशिवाय दहिवर वाळल्यावर कापणे, गवत ज्या बाजूला लोळले आहे तिच्या उलट दिशेने जाणे, इंजिनाचे फेरे पूर्ण ठेवून गिअर मात्र खालचा लावणे, आणि फारच दाट असेल तर अर्ध्याच रुंदीने कापणे. नवा डिस्क मोअर यांतल्या निष्काळजीपणाला माफ करतो, एवढा त्याचा मोठेपणा मान्य. मात्र दगडगोट्यांच्या माळावर त्याच्या एका फटक्याची किंमत मोठी असते. आणि तुंबलेले गवत काढायला हात घालण्यापूर्वी पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद करायचे, यात जुने-नवे काही नाही. बोटे दोन्ही यंत्रांत जातात.

दुसरा आक्षेप मुरघासवाल्यांचा. वाळवायचेच कशाला, हिरवेच मुरवा, असे ते म्हणतात. मका, नेपियर असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे; नेपियरची बांबूसारखी धाटे वाळवत बसण्यात अर्थ नाही. पण डोंगरी गवतात साखर कमी असते, काडी ताठ असल्याने ते नीट दाबले जात नाही, हवा आत राहते आणि मुरघास बिघडण्याची शक्यता वाढते. शिवाय मुरघासात दोन-तृतीयांश पाणी असते. वाड्याहून गोरेगावला किंवा पाटणहून माणला चारा न्यायचा तर आपण ट्रकभर पाणीच नेणार. वाळले गवत रचता येते, विकता येते, पुढच्या वर्षासाठी ठेवता येते. दुष्काळाच्या हिशेबात हे महत्त्वाचे. युरिया प्रक्रियेचे समर्थकही आहेत. १०० किलो पिवळ्या काडावर ४ किलो युरियाचे पाणी शिंपडून तीन आठवडे झाकून ठेवले की त्याचा कस वाढतो, हे सिद्ध आहे. भाताच्या पेंढ्याला ते करावेच. पण जे गवत महिनाभर आधी कापून हाच फायदा फुकट मिळाला असता, ते मुद्दाम उभे वाळू द्यायचे आणि मग त्यावर युरिया ओतायचा, हा उलटा हिशेब आहे.

तिसरा आक्षेप मजुरांचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली, कातकरी कुटुंबांना भातानंतरच्या गवतकापणीचे पैसे मिळतात. पुढे त्यांतली अनेक वीटभट्ट्यांवर जातात. यंत्र आले तर ही मजुरी जाईल का? डोंगर उतारावर, खडकाळ जागी कटर-बार चालतच नाही. तिथे विळाच लागणार. यंत्र चालेल ते सपाट माळावर, आणि तेही भातकापणीच्या दिवसांत, जेव्हा माणसेच मिळत नाहीत. त्यानंतरचे विस्कटणे, उलथणे, दाताळ्याने ओळी करणे, भारे बांधणे ही कामे लवकर कापलेल्या गवताला उलट जास्त लागतात, कारण पिवळे गवत वाळवावे लागत नाही आणि हिरवे लागते. तरीही भीती उरते ती यंत्राच्या मालकीची. यंत्र वखारवाल्याचे असेल तर नफा त्याचा आणि घाम दुसऱ्याचा. म्हणून जुने यंत्र स्वस्त असणे हा इथे नुसता काटकसरीचा मुद्दा राहत नाही. डागडुजी केलेला रीपर एखाद्या बचत गटाच्या आवाक्यात येऊ शकतो. नवे जोडयंत्र येऊ शकत नाही.

पर्यावरणाची हरकत थोडक्यात: दरवर्षी बी धरायच्या आतच सगळे गवत कापले तर कुरण विरळ होईल, हे खरे. त्यावरचा उपाय म्हणजे दरवर्षी एक चतुर्थांश पट्टा बी झडेपर्यंत राखायचा आणि तो पट्टा फिरता ठेवायचा. माळढोक, तणमोर यांच्या माळांना, नान्नजसारख्या अभयारण्यांना हे लागू नाही. तिथे यंत्राने शिरूच नये. इतरत्र मधून बाहेर कापत गेले तर गवतात दडलेल्या लाव्या-तितरांना पळायला वाट राहते.

मग सरकारने काय करावे? सध्या उलटे चालले आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात ४० ते ५० टक्के अनुदान मिळते, महाडीबीटीवर अर्ज करता येतो, पण ते नव्या यंत्राला. राष्ट्रीय पशुधन अभियानात चारा प्रक्रिया प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. ते ज्याच्याकडे उरलेले पन्नास टक्के आहेत त्याला. जुन्या कटर-बारची पाती, बोटे, चिमट्या यांचा एक संच किंवा गावातल्या वर्कशॉपने बनवलेले रुळांचे यंत्र यांना या यादीत जागा मिळवून द्यायला फार पैसा लागणार नाही. कृषी विद्यापीठांनी अशा रुळांचा एक नमुना आराखडा काढून वर्कशॉपांना फुकट द्यावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गवतांचे वाण दिले. ते वाळवण्याचे साधे यंत्र देणे त्याहून अवघड नाही.

आणि यंत्राहून मोठी अडचण भावाची आहे. दूध आपण फॅट आणि एसएनएफवर घेतो; गवत मात्र वजनावर. वजनावर घेतले तर शेतकऱ्याने लवकर का कापावे? कापणीच्या पंधरवड्याप्रमाणे किंवा नुसत्या रंगाप्रमाणे दोन भाव ठेवले तरी चालेल. हिरवट आणि पिवळे गवत ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. हे काम दूध संघ करू शकतात, कारण पेंडीचा खर्च शेवटी त्यांच्याच सभासदांच्या माथी बसतो. फक्त हे भाव गणपतीच्या आत जाहीर व्हायला हवेत, म्हणजे भाताचे मजूर ठरायच्या आधी कोणत्या माळावर कोण कापणार ते ठरेल आणि शेडमधला रीपर बाहेर काढून त्याची पाती बदलायला दोन आठवडे हाताशी राहतील.